विमा वाचवणारी गाडी

रविवार, १० जानेवारी २०१६
सगळ्यात आधी जन्नतबी आली. शेजारीण हाय, पहिला मान तिचा. नव्या गाडीला हात लावायच्या आधी तिनं हात पदराला पुसले, तेव्हा मला लई बरं वाटलं. मग गल्लीतली बाकीची. सगळ्यांना एकच सांगितलं: हा शौक न्हाई, हिशेब हाय. जुन्या जीपला विमा लई बसायचा. लहान गाडी, लहान विमा. लेक ईश्वरप्पा म्हणत होता, अव्वा, जीप अजून दहा वर्षं चालंल. म्हटलं, चालंल बाबा, पण विमा खात चालंल. माझी ठेव मोडली, सगळ्यात स्वस्त गाडी घेतली. जीप नासिर दलालाला दिली. विमा एजंटानं ही डायरी फुकट दिली. बचत सुरू झाली म्हणायची.

आता इथं कोण वाचतंय, म्हणून लिहिते. चाकूरला जायचं हाय, थोरल्या जावेकडं. मागच्या लग्नात मी जीपमधनं उतरले तर ही रत्नम्माअक्का चार बायकांत म्हणाली, गुरम्मा, बसून आलीस का ढकलत? पुढच्या सोमवारी जाते आणि तिच्या दारात हॉर्न वाजवते.

मंगळवार, १२ जानेवारी
ईश्वरप्पानं विम्याचा कागद वाचला. जीपपेक्षा जास्त हाय. म्हणे जीपला नुसता समोरच्याचं नुकसान भरून देण्यापुरता विमा होता, नव्या गाडीला पूर्ण घेतलाय. म्हणजे आपलंबी नुकसान भरून मिळणार. मग स्वस्तच पडला की! फक्त एकदा काहीतरी मोडायला पाहिजे. हे समजावून सांगितलं तर तो ताटावरनं उठला.

चाकूर पुढं ढकललं. २६ तारखेला आपला उदगीर जिल्हा होणार, सगळं गाव बोलतंय. नव्या जिल्ह्याचा पहिला नंबर आपल्या गाडीला. लातूरचा नंबर लावून काय जायचं? चाकूरात समद्या गाड्या लातूरच्याच. तोवर कच्च्या नंबरावर महिना निघतो म्हणे.

बुधवार, २७ जानेवारी
काल दिवसभर टीव्हीपुढं बसले. जिल्हा झाला न्हाई. जन्नतबी म्हणाली, बाई, जिल्ह्याला कलेक्टर लागतो, तुमची गाडी असून काय उपयोग. लई टोमणे मारते, पण शेव चांगली करते. ईश्वरप्पा लातूरचाच नंबर घ्यायला निघाला. जाताना माझ्याकडं बघितलंबी न्हाई.

शुक्रवार, १८ मार्च
नळाला वीस दिवस पाणी न्हाई. गाडीवर बोटभर धूळ. अशी गाडी घेऊन रत्नम्माअक्काच्या दारात? न्हाई. आधी धुणार, मग जाणार. तोवर माझं इरकली लुगडं झाकलंय तिच्यावर.

जीप शेतातल्या बोअरवरनं दोन-दोन ड्रम पाणी आणायची. नव्या गाडीच्या दारातनं ड्रम आतच जाईना. मी म्हटलं, घागरी कशाला हायेत? चार घागरी मागच्या सीटवर बसवल्या. ईश्वरप्पा हळू आणत होता, पण पोलीस ठाण्यापुढच्या स्पीड ब्रेकरवर चारी लवंडल्या. गाडी आतनं धुतली गेली, बाहेरनं राहिली. पाणी सांडल्याचा विमा मिळतो का, असं विचारलं. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

मंगळवार, ५ एप्रिल
टँकरची एक बादली मिळाली. गाडी का भांडी? सून शिवकांता बादली उचलून आत गेली. मी ओल्या फडक्यानं दोन्ही आरसे पुसून घेतले. आरशांपुरती गाडी नवी हाय. चाकूर सोमवारी, नक्की.

गुरुवार, २१ एप्रिल
दुपारी दारात हॉर्न वाजला. वाटलं आपली जीप. आपलीच होती! नासिरनं रत्नम्माअक्काच्या लेकाला विकली आणि मला सांगितलं न्हाई. अक्का पुढच्या सीटवरनं उतरली. म्हणाली, गुरम्मा, बसून आले बघ, ढकलत न्हाई. मागं दोन ड्रम पाणी. तुमच्याकडं लई हाल हायेत असं ऐकलं, म्हणाली.

तिच्याच पाण्याचा चहा तिला दिला. घोट घेऊन म्हणाली, साखर तरी तुझी ना? मग अंगणात गेली, गाडीकडं बघत उभी राहिली. म्हणाली, लुगडं छान हाय.

जाताना तिच्या लेकाला सांगितलं, बाबा, जीपला विमा लई बसतो, सांभाळून. तो नुसता हसला. पोराला हिशेब कळत न्हाई.

सोमवारी, २५ला, आणखी दोन ड्रम घेऊन परत येतो म्हणाले. ड्रम उतरवायला जीप दारापर्यंत यायला पाहिजे, म्हणून ईश्वरप्पा आपली गाडी मागं गोठ्याकडं सरकवायला निघाला. मी पटकन आत बसून घेतलं. वीस पावलं गेली असंल. उलटी गेली, पण लई मऊ चालते.

सोमवारी सकाळी घागरी दारात मांडून ठेवायच्या.