उपडी वाटी

३ मार्च १९८६

आजही मामाजींनी ताट सारलं. "हे दही आहे का? ताक होय हे." सासूबाई जाऊन महिना होत आला. तेव्हापासून मामाजींचं, माझ्या सासऱ्यांचं, जेवण घासाघासानं कमी होतंय. बंडी अंगावर लोंबते. तंबाखूसुद्धा सोडली. मागतात फक्त दहीभात, आणि तोही टाकतात. भीती वाटते मला.

५ मार्च

दूध बदललं, विरजणही शेजारच्या नलूवहिनींकडून आणलं. दही ढिलं ते ढिलंच.

सासूबाईंचं दही! लग्न होऊन दुर्गहून या क्वार्टरमध्ये आले, तर दुसऱ्याच सकाळी त्यांनी दह्याची वाटी माझ्या डोक्यावर उपडी धरली. मी किंचाळले. थेंब पडला नाही. पदर तोंडाला लावून किती हसल्या होत्या! फार आठवण येते बाई.

६ मार्च

कणभर फरक नाही.

८ मार्च

आमचे हे स्टील प्लांटच्या लॅबमधले. चहा पिताना म्हणाले, "दुधातल्या प्रथिनाले कॅल्शियम धरून ठेवते. थोडं जास्त भेटलं का दही घट्ट." मी म्हटलं, तुमच्या आईला कुठलं आलं कॅल्शियम? आणि बोलता बोलता कोनाड्यात नजर गेली – चुन्याची डबी! चुना म्हणजे कॅल्शियमच की. पानाला चुना लावायच्या आणि त्याच बोटानं दुधाची ऊब बघायच्या असतील! दोघंही हसत सुटलो.

९ मार्च

डबीतला चुना वाळलेला. कॅम्प-एक वस्तीतल्या पानठेल्यावरून ताजा आणला. बोटाला जरासा लावून कोमट दुधात फिरवला. सासूबाई, सांभाळून घ्या.

१० मार्च

लागलं! वाटी उपडी करून पाहिली. मामाजी पहिल्या घासाला थांबले. मग खाली मान घालून सगळा भात संपवला. डोळे पुसले.

११ मार्च

संध्याकाळी मामाजी ओट्याशी आले. "दे तो दुधाचा गंज इकडं. पोरी, तुमाले साऱ्याईले चुना लावला तिनं. तुया सासूले कुठं दही लावता येत होतं? सेकंड शिफ्टवरून आलो का तंबाखू मळता मळता त्याच चुन्याच्या बोटानं मीच लावत होतो. तिले घट्टच लागे."

दुधात बोट बुडवून विचारलं, "तुले आवडते ना घट्ट?"

हो म्हटलं. जन्मात मी दही तोंडाला लावलेलं नाही.