फुलीचा रकाना

तामसी, १२ जानेवारी १९८८. संध्याकाळ.

शाळेच्या भित्तिपत्रकाखाली दोन रकाने मीच आखले. आवडलं तर बरोबरची खूण, नाही तर फुली. नाव लिहायचं नाही. सातवीतल्या सुमनच्या कवितेखाली नुसत्या फुल्याच. मैत्रिणींकडून ते कळल्यापासून तीन दिवस पोरगी शाळेत नाही.

दुपारी तिची आई आली. "गुरुजी, ते जेवून नाही राह्यली. फुलीचं काऊन ठेवलं तुमी?"

पोरांची गंमत, म्हणालो. गंमत? नुसता बरोबरचा रकाना पुरला नसता का?

साऱ्या फुल्या निळ्या, पहिली तेवढी लाल. वह्या तपासायच्या सवयीनं हात गेला माझा... बाकीच्यांनी नंतर मारल्या.

उद्या सुमन येणार म्हणे. ती लाल फुली पाहील. तिच्या वहीत तीच शाई आहे, पानोपानी.