दहा बाटल्या, पाच दवाखाने

३ सप्टें.
सर्पविषावरच्या इंजेक्शनचा खोका आला. दहा बाटल्या. माझ्या एकटीच्या दवाखान्याला नांदेडचा विक्रेता दाद देत नव्हता. आम्ही पाच डॉक्टरांनी मिळून मागवलं, तर खोका थेट आमच्या जवळा बाजार गावात हजर! मग वाटणीवरून तोंडातोंडी. शेवटी प्रत्येकी दोन. सगळे खूश, मीपण.

४ सप्टें.
ओपीडीत बसल्या बसल्या ट्यूब पेटली. घोणस चावली तर एका पेशंटला सुरुवातीलाच दहा लागतात. दोन बाटल्यांची काय पूजा करायची? पाच-पाच डॉक्टर, आणि एकाच्याही डोक्यात येऊ नये! सगळ्यांना फोन करायला हवा.
केला नाही. पाचांतल्या डॉ. कदमांशी कोण बोलणार?

१७ सप्टें.
दुपारी तांड्यावरची कमलबाई. सोयाबीनमध्ये घोणस चावली. काचेच्या नळीत रक्त घेतलं, वीस मिनिटांनी तिरपी केली. गोठलंच नव्हतं, पाण्यासारखं वाहिलं.
नवरा म्हणाला, "बाई, वाचंल न्हवं?"
माझ्याकडच्या दोन लावल्या. चौघांना फोन केले, कदमांनासुद्धा.
आणि बाटल्या यायला लागल्या! डॉ. कदम स्वतः स्कूटरवर, डब्यात बर्फ घालून. तीन वर्षं आमच्यातून विस्तव जात नाही. "हं, धरा. बोलून न्हाई राहिलो मी तुमच्याशी," म्हणाले आणि सलाईन धरून उभे राहिले. सर्वांत लांबच्या गावातल्या डॉ. सय्यदांनी काळीपिवळी जीपमधून पाठवल्या. ड्रायव्हर वाटेत कुठंच थांबला नाही. आतल्या बायाच म्हणे म्हणाल्या, "आमाला मागून सोड, आधी दवाई पोचव."
तासाभरात दहा पूर्ण. इतकी वर्षं इथं राहते, पण ही माणसं मी आज पाहिली. हात जोडावेसे वाटले, पण दोन्ही कामात होते.
मग नांदेडला गाडी. सोबत कदम.

१९ सप्टें.
नांदेडहून कदमांचा फोन. रक्त गोठतंय! लघवी मात्र कमी. किडनीचं...

२६ सप्टें.
कमलबाई घरी आली. चालत. किडनीही सावरली.
नवा खोका आला. तिघांचं म्हणणं, सगळा तुमच्याकडंच ठेवा. सय्यद मुद्दाम येऊन बसले.
"म्याडम, माझ्या गावात चावला असता तर?"
"आम्ही आणून दिल्या असत्या."
"व्हय. पण किती वेळात?"
मी चहा ठेवला. चहा पिऊन गेले. खोका मागितला नाही, मीही दिला नाही. त्यांच्याकडं सोमवारपासून सोयाबीनची काढणी आहे.