क्लच, मी आणि बेसमेंटचा चढ

६ जानेवारी, सोमवार
सिग्नलवर गाडी नुसती ओरडली, हलली नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. लोकांना धीर म्हणून नाही. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून पाहिली आणि क्लच संपलाय म्हणाला. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, तिन्ही एकदम बदला, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच पडेल. मी मनात हसलो. आयतं गिऱ्हाईक सापडलं असं वाटलं असणार त्याला. क्लचवर पाय ठेवून गाडी कोण चालवतं, असंही विचारलं. मी हिचं नाव सांगितलं. हिला गाडी चालवता येत नाही, पण त्याला काय करायचंय?

संकल्प: १९ तारखेला लेकीला मीच सोडणार. याच गाडीने, घाट चढून. तिची पहिली नोकरी आहे, वरच्या गावातल्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट म्हणून. बापाने सोडायचं नाही तर कोणी? तोवर क्लच बसलेला असेल. अभ्यास करून, बजेटमध्ये.

७ जानेवारी, मंगळवार
बजेट हिने ठरवलं. लेकीच्या खोलीचं डिपॉझिट भरून जे उरेल ते. म्हणजे फारसं नाही.

ऑफिसात तक्ता केला. एक, कंपनीचा ओरिजिनल सेट. किंमत ऐकून दुकानदाराला पुन्हा विचारलं. त्याने त्याच आवाजात तीच सांगितली. दोन, बाहेरचा सेट, जवळपास निम्म्यात. तीन, जुन्याच प्लेटला नवं लायनिंग. चार, भंगारात निघालेल्या गाडीचा. टिकाऊपणाला वेगळे गुण, किमतीला वेगळे. रंगही भरले. साहेब मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. तिमाही अहवाल का, म्हणाले. हो म्हणालो. उद्या मागतील.

९ जानेवारी, गुरुवार
गॅरेजवाला म्हणत होता गाडी इथेच ठेवून जा. ठेवली की तो उघडणार, उघडली की मी त्याच्या मुठीत. असल्या डावांना मी पुरून उरलोय. सरळ घरी आणली आणि बेसमेंटमध्ये लावली. उतारावरून अशी अलगद गेली की क्लच खरंच बिघडलाय का, अशी शंका आली.

१० जानेवारी, शुक्रवार, सकाळी
बेसमेंटला चढही आहे, हे ध्यानात घ्यायला हवं होतं.

पहिल्या गिअरमध्ये नाकही वर गेलं नाही. मग डोकं चालवलं. रिव्हर्समध्ये ताकद जास्त असते, म्हणून गाडी फिरवून उलटी चढवली. अर्धा चढ गेलो. जळका वास सुटला आणि गाडी आपली आपण परत खाली आली. एकदाही स्टिअरिंग न फिरवता बरोबर जागेवर लागली. पार्किंगच्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही.

फक्त त्या जागेच्या आत, भिंतीला लागून, तिसऱ्या मजल्यावरच्या डेंटिस्टची गाडी असते. मी निघाल्याशिवाय त्यांना निघता येत नाही. ते बॅग घेऊन उभे होते. सावकाश होऊ द्या, म्हणाले, आणि टॅक्सी बोलावली. भांडले असते तर बरं झालं असतं.

११ जानेवारी, शनिवार
टोइंगवाला आला. त्याची गाडी बेसमेंटच्या तुळईखालून जात नाही. बघून परत गेला. बघायचे पैसे घेतले. सात-आठ माणसं लावून ढकला, म्हणाला. ही म्हणाली, मग सोसायटीत विचारूया. मी स्पष्ट नकार दिला. कुणापुढे हात पसरणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय आधी क्लच निवडायचा, मग गाडी हलवायची. कामाला क्रम असतो.

१३ जानेवारी, सोमवार
निर्णय झाला. फक्त प्लेट घेतली, बाहेरच्या कंपनीची. बेअरिंग नको का, दुकानदाराने विचारलं. नको. प्रेशर प्लेट? नको. झिजते ती प्लेट, बाकी लोकांना घाबरवायचे धंदे. बजेटमधून शिल्लक उरली. लेकीला वाटेत चांगल्या हॉटेलात जेवू घालीन.

१५ जानेवारी, बुधवार
ऑफिसात नेटवर वाचलं. जुनं बेअरिंग गेलं तर पुन्हा गिअरबॉक्स उतरवावी लागते. असं नऊ जणांनी लिहिलंय, त्यातला एक ढसाढसा रडल्यासारखा. बेअरिंग घेतलं. वेगळं घेतलं की महाग पडतं, हे दुकानदाराने आज सांगितलं. परवा सांगायला काय झालं होतं?

साहेबांनी अहवाल मागितला. शुक्रवारी देतो म्हणालो.

१६ जानेवारी, गुरुवार
भंगारवाल्याकडून प्रेशर प्लेटही घेतली. नवीच आहे म्हणाला, म्हणजे जवळजवळ. ही एकूण किती झाले विचारत होती. तिला यातलं कळत नाही, म्हणून टाळलं. तिने स्वतःच बोटांवर हिशोब केला आणि म्हणाली, एवढ्यात पूर्ण सेट आला असता. मग चपात्या लाटत राहिली. लाटण्याचा आवाज मात्र नेहमीपेक्षा मोठा होता.

लिफ्टमध्ये डेंटिस्ट भेटले.  नुसते हसले. यापुढे जिना.

१७ जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळी
घरी ही, लिफ्टमध्ये डेंटिस्ट, ऑफिसात साहेब. अहवाल नाही तो नाहीच. इकडे आड तिकडे विहीर. निवांत बसायला एकच जागा उरली आहे, बेसमेंटमध्ये गाडीत. तिथेच बसून लिहितोय. क्लचचे तिन्ही डबे शेजारच्या सीटवर.

लेक जेवायला बोलवायला आली. डबे मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, बाबा, मी बसने जाईन ना, काही होत नाही. मी खेकसलो.  तिने डबे नीट एकावर एक रचले. मग तीच म्हणाली, भाजी गार होतेय.

इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. तिने जाऊ नये असं मला वाटतं. क्लच मिळेपर्यंत ती थांबेल, असंही कुठेतरी वाटत होतं. पण जायचंच असेल तर सोडणार मी. हे ठरलेलं आहे.

१८ जानेवारी, शनिवार
गॅरेजवाल्याला फोन केला. उद्या पहाटे गाडी आणतो, दहापर्यंत क्लच बसवून द्या. तो हसला. पूर्ण दिवसाचं काम आहे आणि रविवारी गॅरेज बंद असतं, म्हणाला. हे सगळे आधी असंच म्हणतात. समोर जाऊन उभं राहिलं की करतात.

गाडी वर कशी आणायची, तेवढं बाकी आहे.

१९ जानेवारी, रविवार, सकाळी
खाली गेलो तर निम्मी सोसायटी हजर. ही काल मला न सांगता दारोदार फिरून आली होती. डेंटिस्ट बाह्या सरसावून बॉनेटपाशी उभे, गाडी उलटीच वर ढकलायची होती. मी स्टिअरिंगवर. सगळ्यांनी जोर लावला, गाडी तसूभर हलेना. मी खिडकीतून म्हणालो, जरा मनापासून लावा. ही ओरडली, हँडब्रेक काढा. काढला.

समोरच्या काचेतून लेक दिसत होती. केस वर बांधलेले, तोंड लाल, ढकलतेय. तिला घालवायला निघालेली गाडी तीच ढकलत होती. मी मान वळवून चढ किती उरलाय ते बघायला लागलो.

गाडी वर आली. गेटपर्यंत गेली आणि आडवी थांबली. मागोमाग डेंटिस्टची गाडी मोकळी होऊन आली. त्यांना वरच्या गावी बहिणीकडे जायचंच होतं, म्हणे. हेही हिने कालच ठरवलेलं. लेकीच्या बॅगा त्यांच्या डिकीत गेल्या, ही मागे बसली. मी नाही. रस्त्यात आडव्या गाडीपाशी कोणीतरी थांबायला हवं होतं, आणि मालक मी. लेक खिडकीशी वाकली. बाबा, जेवून घ्या, म्हणाली. मी डेंटिस्टना घाटातली वळणं, गिअर, सगळं नीट समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

१९ जानेवारी, दुपारी
टोइंगवाल्याने गाडी गॅरेजच्या बंद शटरसमोर सोडली. उद्या बघू.

लेकीचा फोन आला. पोचली. खोली छान आहे, खिडकी आहे. घाटात फार त्रास झाला का, विचारलं. म्हणाली, घाट कधी आला कळलंच नाही बाबा, मला गाढ झोप लागली होती, आईने उठवलं.

माझ्या गाडीत ती लहानपणापासून एकदाही झोपली नाही. सगळा रस्ता टक्क जागी, दोन्ही हातांनी वरचं हँडल धरून. मी सगळ्यांना सांगायचो, पोरीला बाहेरची गंमत बघायला फार आवडतं.