वहिनीविरुद्ध पंधरा पत्ते

२ नोव्हेंबर, रविवार
परतीच्या गाडीत लिहून राहिली. नागपूरला पत्त्यांच्या स्पर्धेचे चार राउंड. एक जिंकली, एक हरली, दोन ड्रॉ. दोन्ही ड्रॉमध्ये मी पुढं होती. समोरच्याचं टेबल रिकामं, हातात काही नाही, आणि नेमकी तेव्हाच राउंडची पन्नास मिनिटं संपली. दुसऱ्या ड्रॉनंतर समोरचा मुलगा पत्ते बॅगेत कोंबत म्हणाला, "ताई, तुमच्याशी खेळणं म्हणजे बँकेत लाइनीत उभं राहणं आहे." मी हसली. पण लागलं.
मोठी स्पर्धा १४ डिसेंबरला, तिथंच. पहिले आठ पुढच्या फेरीला बंगळूरला जातात. तीन वर्षं झाली. मी आठात नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
लॅबमधून दोनला सुटली. आज एकाला सुई पाहून चक्कर आली, त्यात अर्धा तास गेला.
डेकची, म्हणजे माझ्या पत्त्यांच्या संचाची, यादी पुन्हा केली. सगळे म्हणतात कंट्रोल सोड, फास्ट डेक घे. नाही जमत. समोरच्यावर धावून जाणं माझ्यात नाही. तो जे करेल ते थांबवायचं, थांबवत राहायचं, तो दमला की आपण. एवढंच येतं मला, आणि हे चांगलं येतं. फक्त घड्याळाला पटत नाही.
नीलेश पुण्याला नोकरीवर गेल्यापासून सरावाला माणूस नाही. गोंदियात खेळणारे आम्ही दोघंच होतो. जाताना त्याचा लाल डेक, एकदम फास्ट, माझ्याकडे टाकून गेला. फोनवर खेळून काय उपयोग. समोर माणूस पाहिजे.

८ नोव्हेंबर, शनिवार
माणूस मिळाला. घरातच.
दुपारी मी पलंगावर पत्ते मांडून बसली होती, वहिनी चहा घेऊन आली आणि उभीच राहिली. "दीदी, हे काय करून राहिली? मले शिकव ना."
वहिनी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. डोंगरगडकडची. लग्नाला दोन वर्षं झाली, मराठी माझ्या आईकडून शिकली, म्हणून बोलते आईसारखीच, मधे मधे हिंदी. आमचं फार बोलणं नव्हतं. ती तिच्या कामात, मी लॅबमध्ये.
शिकवलं. साठ पत्त्यांचा डेक. दोघींना वीस-वीस जीव, ज्याचे आधी संपले तो हरला. तीनपैकी दोन गेम जिंकायचे. शिवाय बाजूला पंधरा पत्ते, तो साइडबोर्ड. पहिला गेम झाला की त्यातले आत घ्यायचे, तेवढेच बाहेर काढायचे, समोरचा कसा खेळतो ते पाहून.
तिला नीलेशचा लाल डेक दिला. माझे पत्ते तिला नावांनी कळेनात, म्हणून तिनंच नावं पाडली. समोरच्याचा पत्ता रद्द करणारा तो 'नाही'. टेबल साफ करणारा तो 'झाडू'. शेवटी येऊन जिंकून देणारा मोठा तो 'अजगर'.
सहा गेम, सहाही मी. ती म्हणे, "तू तर मले काही करूच देत नाही."
म्हटलं, तोच तर खेळ आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार
रोज दुपारी दोन तास. धान घरात आलं, त्यामुळं वहिनीलाही जरा उसंत. ती वेगात खेळते. विचार करत नाही असं वाटतं. पत्ता आला की टाकला.
दादा दुकानातून जेवायला आला. "दोघीही पत्ते खेळून राहिल्या! वाढन कोण?" आईनं वाढलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
वहिनी एक गेम जिंकली. मला आनंद झाला. खरंच झाला. मी तिला टाळी दिली.

१९ नोव्हेंबर, बुधवार
पाचपैकी चार ती. आनंद वगैरे काही नाही.
मला वाटलं पत्ते खराब येऊन राहिले. तिसऱ्यांदा हरल्यावर विचारलं, मी 'नाही' टाकणार हे तुला आधीच कसं कळते? ती आधी सांगेना. मग म्हणे, "तुझ्या हाती 'नाही' असला का तू पत्ते टेबलावर ठोकून बराबर करते. नसला का करत नाही."
तीन वर्षं खेळते मी. नीलेशनं कधी सांगितलं नाही. सगळ्या नागपूरला माहीत असेल का हे?

२३ नोव्हेंबर, रविवार
साइडबोर्डवर अडकली. पंधरा जागा, आणि खेळणारे दहा तऱ्हेचे. सध्या आठ पत्ते माझ्यासारख्याच कंट्रोलवाल्यांसाठी, कारण तिथंच माझा वेळ जातो. तीन किरकोळ. फास्ट डेकसाठी फक्त चार. चारांनी वहिनी थांबत नाही. आठातले दोन काढून फास्टसाठी सहा केले, मग पुन्हा परत ठेवले, मग पुन्हा काढले.
एक दुपार यातच. कपडे वाळत घालायचे राहिले म्हणून आई बोलली ते वेगळंच.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
आज जेवताना वहिनी दादाला म्हणाली, "मी बी जाऊ का दीदीसंग नागपूरले? खेळाले."
दादा माझ्याकडे पाहून राहिला. मी म्हटलं, ये ना. आवाज कसा निघाला मला माहीत आहे. तिलाही कळला असणार, ती तर बोटांवरूनही ओळखते.
डेक नीलेशचा. त्याला मेसेज केला. त्याचं उत्तर, "घेऊन जाऊ दे, मस्त!" मस्त.

२ डिसेंबर, मंगळवार
तिला मी शिकवलं. तिच्या चुका मी काढल्या. साइडबोर्ड कसा बदलायचा ते मी सांगितलं. आता ती मला विचारत नाही. माझ्यासमोर पंधरा पत्ते चाळते, तीन आत घेते, आणि ते बरोबर असतात.
मला साडेतीन महिने लागले होते एवढं समजायला.

७ डिसेंबर, रविवार
फास्टसाठी सहा पक्के. कंट्रोलसाठी सहाच राहिले.
वहिनीसाठी नाही केलं हे. नागपुरात यंदा फास्टवाले बरेच आहेत.

१३ डिसेंबर, शनिवार
डेकची यादी कागदावर लिहून द्यावी लागते, साठ आणि पंधरा. आम्ही दोघी एकाच टेबलावर बसून लिहीत होतो. वहिनी वाकून पाहायला लागली. मी हातानं कागद झाकला. आपोआप झाकला गेला, मी ठरवून...
तिनं आपला कागद उचलला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर उभ्यानं लिहिला.
पहाटेची गाडी आहे.

१५ डिसेंबर, सोमवार
सुट्टी घेतली लॅबमधून. सगळं लिहून काढते, नाही तर डोक्यात फिरत राहील.
सहा राउंड होते. पाचांत मी चार जिंकली. ड्रॉ एकही नाही. एक हरली ती कंट्रोलवाल्याशी, गडचिरोलीचा शांत माणूस. तिसऱ्या गेमला मला नेमके ते दोन पत्ते पाहिजे होते जे मी ७ तारखेला काढले. बाकी काय सांगू.
वहिनीही चार जिंकली. पहिलीच स्पर्धा. मधल्या वेळात डब्यातले पराठे खाताना भेटली तर चेहरा लाल, "दीदी, मले भूकच नाही लागून राहिली!" मी तिला जवळ घेतलं. तेव्हा खरंच बरं वाटलं.
मग शेवटच्या राउंडची यादी भिंतीवर लागली. टेबल तीन. मी आणि ती.
जी जिंकेल ती आठात. ड्रॉ झाला तर दोघी बाहेर.
पहिला गेम तिनं दहा मिनिटांत घेतला. माझ्या हातात चांगलं काही आलंच नाही. मग मी साइडबोर्डमधले सहाही आत घेतले. ती पाहत होती. सहा मोजले तिनं. म्हणाली, "सहा?" बस, एवढंच.
दुसरा गेम लांबला. 'झाडू' आता फिरवू की अजून एक डाव, म्हणजे एक पाळी, थांबू, याचा मी विचार करत होती. वर पाहिलं तर वहिनीनं हात वर केलेला. मला वाटलं तिला बाथरूमला जायचं आहे. तिनं जजला बोलावलं.
"सर, ये बहुत टाइम ले रही है."
ये. दीदी नाही, ये.
जजनं दोन मिनिटं मागं उभं राहून पाहिलं आणि मला ताकीद दिली, वेगानं खेळा. माझे कान तापले. लॅबमध्ये, घरात, कुठंच कोणी मला असं बोललं नाही. मी मुद्दाम केलं नव्हतं. पहिला गेम हरलेली बाई वेळ कशाला काढेल? मी विचार करत होती. विचार करणं गुन्हा आहे का?
तो गेम मी जिंकला. चार मिनिटं उरली होती.
तिसरा गेम आम्ही दोघींनी पत्ते अक्षरशः फेकून खेळला. वेळ संपली. त्यानंतर पाच डाव जास्तीचे मिळतात. माझे दोन जीव उरले, तिचे तीन प्राणी, म्हणजे हल्ला करणारे पत्ते, टेबलावर. 'झाडू' आला. साफ केलं. तिनं अजून एक आणला, मी रद्द केला. पाच डाव संपले. मी दोनवर, ती सतरावर, टेबल मोकळं.
"अजून एक डाव असता..." ती म्हणाली.
"...तर मी जिंकली असती," मी म्हटलं.
"तू? मी!"
जज स्लिप घेऊन आला. म्हणाला, "ड्रॉ. कोणाला सोडायचं असेल तर सही करण्याआधी सांगा. देण्याघेण्याचं काही बोलू नका." आणि बाजूला होऊन उभा राहिला.
कोणी एकीनं 'मी सोडते' म्हटलं की दुसरी आठात.
मला वाटलं ती म्हणेल. तिची पहिलीच वेळ, माझी तीन वर्षं, डेक दुसऱ्याचा, शिकवलं मी. तिनं म्हणावं असं मला इतकं वाटत होतं की मी तिच्याकडे पाहूच शकली नाही. एकदा पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. तिलाही तेच वाटत होतं, की मी म्हणेन. मोठी म्हणून.
जज दोनदा खाकरला.
मी सही केली. तिनं केली.
आठव्या नंबरवर तो गडचिरोलीवाला गेला.
गाडीत समोरासमोर जागा मिळाली. मी खिडकीबाहेर, ती मोबाइलमध्ये. तुमसर रोडला चहावाला आला. तिनं दोन घेतले, एक माझ्यापुढं धरला. मी घेतला.
घरी दादानं विचारलं, काय झालं?
वहिनी म्हणाली, "बराबर."
"दोघी बराबर? मंग चांगलंच झालं ना!"
आम्ही दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाय धुवायला निघून गेला.

१७ डिसेंबर, बुधवार
घरात बोलणं कामापुरतं. मीठ, चावी, गॅस.
आईनं मला विचारलं, "काऊन तोंड फुगवून राहिल्या तुम्ही? पत्त्यापायी?" मी म्हटलं, तिनं मला सगळ्यांसमोर जजच्या हवाली केलं. आई म्हणे, "तू वेळ लावत होती का नाही लावत?" मी म्हटलं, विषय तो नाही. "मंग कोणता हाय?" आईला काय सांगणार. मला तरी कुठं माहीत आहे.
कागद झाकला ते राहून राहून आठवते. पण तिनंही 'ये' म्हटलं.

२० डिसेंबर, शनिवार
लॅबमधला छोटा टायमर घरी आणला. खोलीचं दार लावून एकटीच दोन्हीकडून खेळली. लाल डेकचा डाव अर्ध्या मिनिटात होतो. माझा एकेक डाव दोन-दोन मिनिटं, एक तर साडेतीन. आणि साडेतीन मिनिटांनी मी तोच पत्ता टाकला जो पहिल्या पाच सेकंदांत मनात आला होता.
पुन्हा खेळली. पुन्हा तेच.
म्हणजे ती बरोबर होती. चिडचिड झाली ती याचीच जास्त.
दोन अजगरांपैकी एक काढला. त्या जागी लवकर संपवणारा एखादा पाहिजे. कोणता, ते वहिनी पटकन सांगू शकेल. जाऊन विचारू का? दारापर्यंत गेली. ती वांगी चिरत होती. पाणी पिऊन परत आली.

२४ डिसेंबर, बुधवार
जानेवारीत रायपूरला स्पर्धा आहे. तिथूनही आठ जण. मला काल कळलं, वहिनीला बहुतेक परवाच.
दुपारी ती स्वतःहून खोलीत आली. पलंगाच्या कडेला बसली. मोबाइलवर फॉर्म उघडलेला, तिचं नाव भरलेलं. "तुझं बी भरू?"
मी म्हटलं, मीच भरीन.
"जजला बोलावलं म्हणून रागात हाय ना?"
"तू बरोबर होती," मी म्हटलं. हे कसं निघालं माहीत नाही. चार दिवस अडकलं होतं. "पण मला आधी सांगायचं ना. 'दीदी, लवकर कर' म्हणायचं."
"तीनदा म्हटलं, दीदी. तू ऐकलंच नाही."
तीनदा. मला एकदाही आठवत नाही.
मग तिनं यादी मागितली. मी दिली. काढलेला अजगर पाहून मान हलवली आणि त्या जागी एक पत्ता सांगितला. माझ्या डोक्यात तो आलाच नव्हता. चांगला आहे. तिला सांगितलं नाही चांगला आहे म्हणून.
उठता उठता म्हणाली, "रायपूरले अजून असंच झालं तर? तू अन् मी, अन् ड्रॉ. कोण सोडन? आत्ताच सांग."
म्हटलं, तेव्हाचं तेव्हा पाहू.
"नाही. तवा तू बी पाहत राहते, मी बी पाहत राहतो, अन् जातो तिसराच. आत्ता सांग."
मी सोडीन, असं म्हणायला तोंड उघडलं. आवाजच निघेना. तू सोड, हेही म्हणवेना.
ती दारात थांबली. कमरेला हात. "ठीक हाय. विचार कर. तुले वेळ लागते." हसत होती की नाही, पाठमोरी असल्यानं दिसलं नाही.
फॉर्म अठ्ठावीसपर्यंत आहे.