वर्षभर उन्हाळा

२३ जून

ती. दादास,

सा. न. वि. वि. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. बाकी माझ्या डोक्याचा भुगा झालाय.

आपल्या वर्कशॉपमधून गेलेली ऋतूंची बारा मॉडेलं शाळेतून परत आली. तीच आपली नेहमीची, फळीच्या मधोमध सूर्याचा दिवा आणि भोवती चार पृथ्व्या. भूगोलाच्या बाईंनी चिठ्ठी जोडलीय, 'तुमच्या पृथ्वीवर उत्तरेला वर्षभर उन्हाळाच आहे.' बघते तर काय, चारही पृथ्व्या दिव्याकडे कललेल्या. बाराच्या बारा मॉडेलांत. अरे, पृथ्वी सूर्याभोवती कुठेही असली तरी तिचा कल एकाच दिशेला राहतो, म्हणून सहा महिने उत्तरेला ऊन जास्त आणि सहा महिने दक्षिणेला, हे आपले दुधाचे दात पडायच्या आत बाबांनीच शिकवलं ना?

त्यांना विचारलं, तर म्हणाले, "टोक दादाच्या टेबलाकडे. नियम आहे."

"बाबा, टोक दिव्याकडे झालंय."

"दादाच्या टेबलाकडेच आहे. नीट बघ."

दोन दिवस हेच. पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या दिवशी मी रंगाऱ्यासमोर त्यांच्यावर ओरडले, "तुम्हाला आता काही कळत नाही." त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, हात धुतले आणि आत निघून गेले. जेवलेही नाहीत.

आता खरं सांगते. तुझं टेबल कायम भिंतीला असायचं. जमिनीवर मॉडेल जोडताना पृथ्वी फळीवर कुठेही बसवा, तिच्या आसाचं वरचं टोक त्या टेबलाकडे करायचं, म्हणजे चारही एका दिशेला कलतात. ते टेबल मी हलवलं. तीन वर्षांत तुझं दोन ओळींचं पत्र नाही, म्हणून रागाच्या भरात खोलीच्या मधोमध ओढलं आणि मॉडेलं त्याच्यावरच जोडायला घेतली. बाबांनी बिचाऱ्यांनी नियम पाळला आणि सगळी टोकं आत वळवली. नियम कशासाठी होता, ते मात्र त्यांना सांगता येईना.

हे वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले. परवा मला आईच्या नावानं हाक मारली. तुमचं भांडण तर ते पार विसरलेत. ते तू एकटाच जपून बसलायस, आणि मला त्याचा भयंकर राग येतो.

काल रंगाऱ्याला हाताशी घेऊन टेबल परत भिंतीला लावलं. बाबा आपणहून आले, पूर्वीसारखे जमिनीवर बसले, एकेक करून पृथ्व्या फिरवल्या. सगळ्या बरोबर. मग टेबलाकडे बघून विचारलं, "आला का तो?"

मी 'पुढच्या रविवारी येतोय' म्हणून बसलेय. त्यांनी ते लगेच खडूनं भिंतीवर लिहून ठेवलं. आता रोज सकाळी वाचतात आणि रोज नव्यानं खूश होतात.

मला खोटं पाडू नकोस.

तुझ्यावर अजून चिडलेली,
धाकटी