बावीस सायलेन्सर आणि निरंक चोऱ्या

प्रति,
मा. प्रथम अपिलीय अधिकारी (माहितीचा अधिकार),
उपविभागीय पोलीस कार्यालय, चिंचफाटा,
जि. रायगड.

अर्जदार: सुप्रिया मनोज विरले, वय ३६, धंदा व्हॅनचालक,
रा. पिंपळोंडे, नेरळजवळ, ता. कर्जत.

विषय: व्हॅनचोरी व व्हॅनफोडीची माहिती नाकारल्याविरुद्ध अपील, तसेच माझ्या व्हॅनवरील तक्ता पुसण्यास नकार कळविणेबाबत.

संदर्भ: १) माझा माहिती अर्ज, दि. २४/११/२०२५
२) जनमाहिती अधिकाऱ्यांचे उत्तर, दि. १८/१२/२०२५
३) तक्ता पुसण्याची नोटीस, दि. २९/१२/२०२५

महोदय,

माझी एक सात आसनी व्हॅन आहे. मागची आसने काढून मी तीत कर्जत-नेरळ भागातल्या फार्महाऊसच्या चादरी-अभ्रे गोळा करते, धुऊन-इस्त्री करून परत पोहोचवते. गाठोडी चढवायला-उतरवायला उंबरवाडीचा दत्ता नवशा आगिवले सहा वर्षे माझ्यासोबत आहे. गेल्या सप्टेंबरात त्याने गाडी चालवण्याचा परवानाही काढला. हे अपील व्हॅनचे दिसत असले तरी दत्ताचे आहे, हे सुरुवातीलाच नमूद करते.

दि. ६ ऑक्टोबर रोजी माझ्या व्हॅनचा सायलेन्सर चोरट्यांनी कापून नेला. त्याच्या आतल्या जाळीत महाग धातूची पूड असते, म्हणून या व्हॅनचेच सायलेन्सर जातात, हे आता आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी ठाण्यात गेले. अंमलदार साहेब म्हणाले, "ताई, आख्खी गाडी हाय ना जागेवर? मग कशाला रडताय?" मी रडत नव्हते. त्यांनी गुन्हा नोंदवला नाही, साध्या कागदावर अर्ज घेतला आणि शिक्का मारून दिला. मी नवा सायलेन्सर बसवला. नऊ दिवसांनी तोही गेला. पुन्हा अर्ज, पुन्हा शिक्का. तिसरा मी बसवलेला नाही.

सायलेन्सर नसलेली व्हॅन कशी ओरडते हे आपण ऐकले असेलच. माझी व्हॅन गावच्या फाट्यावर आली की दीड किलोमीटरवर माझ्या सासूबाई आनंदीबाई तांदूळ धुवायला घेतात. हा आवाज चोरट्यांचा माग काढण्यास आपल्या खात्याला उपयोगी पडला नाही, परंतु मला दंड करण्यास पडला. ध्वनिप्रदूषणाबद्दल मला आजवर चार वेळा दंड झाला आहे. चोरी झाली तेव्हा ज्या खात्याला पुरावा दिसला नाही, त्याच खात्याने चोरीनंतरच्या माझ्या व्हॅनचे चार फोटो काढले आहेत.

संदर्भ क्र. १ अन्वये मी विचारले होते की, १ ऑगस्ट ते १५ नोव्हेंबर या काळात आपल्या हद्दीत किती व्हॅन चोरीस गेल्या, किती फोडल्या गेल्या, किती सायलेन्सर गेले, कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी. कोणाचे नाव मागितले नव्हते, तपासाची कागदपत्रेही मागितली नव्हती. उत्तर आले: "निरंक." तारीख-ठिकाणाबद्दल उत्तर आले की, माहिती अशा स्वरूपात ठेवली जात नाही, व ठेवली असती तरी जाहीर केल्यास जनतेत घबराट पसरली असती. जी माहिती अस्तित्वातच नाही तिने घबराट कशी पसरते, हे मला समजलेले नाही. समजावून सांगावे.

त्याच अर्जात शेवटी मी सहज विचारले होते की, याच काळात सायलेन्सर नसल्याबद्दल किती व्हॅनना दंड झाला. त्याचे मात्र सुंदर उत्तर आले. तारीख, वेळ, ठिकाण, गाडी क्रमांक, सगळे रकाने आखलेला तक्ता! माझी धरून एकूण व्हॅन तेवीस. जनमाहिती अधिकाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते, कारण मला हवी होती ती यादी त्यांनी नकळत दिली.

तो तक्ता घेऊन मी नेरळ, कर्जत, खालापूर, खोपोली असे सगळे व्हॅनस्टँड फिरले आणि बाकीच्या बावीसही मालकांना भेटले. एकाचा सायलेन्सर गंजून रस्त्यात गळून पडला होता, तो मी प्रामाणिकपणे वगळला. उरलेले, माझा धरून, बावीस चोरीला गेलेले आहेत; माझा दोनदा गेला तरी एकदाच मोजला आहे. बावीसही जणांकडे शिक्का मारलेले कागद आहेत. शिवाय पाच व्हॅनच्या काचा फोडलेल्या आणि खोपोलीची एक व्हॅन अख्खीच गेलेली. तिचा मालक तेवढा दंडातून सुटला.

आता मूळ दुखणे सांगते. पोलिसांकडे चोरी एकही नाही, परंतु आमच्या गावाला चोर मात्र सापडला आहे. तो दत्ता. का, तर तो आदिवासी वाडीवरचा आहे आणि व्हॅनखाली शिरून ग्रीस भरतो. दि. १० नोव्हेंबर, सोमवारी सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान माझे चुलत सासरे भिवाजी विरले यांच्या व्हॅनचा सायलेन्सर देवळासमोरून गेला. त्याच दुपारी चारचौघांनी ठरवले की दत्ताने गावात पाय ठेवायचा नाही. मी ओरडून सांगितले की तो माझ्यासोबत होता. कोणी ऐकले नाही. दत्ताने व्हॅनची चावी माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "ताई, र्‍हाऊ द्या तुमच्याजवळ. माझ्यापायी तुमाला बोल नको." तेव्हापासून तो गावाबाहेर फाट्यावर उभा राहतो, तिथेच व्हॅनमध्ये बसतो आणि तिथेच उतरतो. महोदय, मला याचा भयंकर राग येतो. गावाचा येतो, आणि त्याहून जास्त आपल्या "निरंक" या शब्दाचा येतो.

कारण त्याच सोमवारी सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी, गावापासून सतरा किलोमीटरवर, चिंचफाटा नाक्यावर मला दंड झाला. त्या पावतीवरच्या फोटोत माझ्या शेजारी, मांडीवर गाठोडे घेऊन, दत्ता बसलेला आहे. सरकारी कॅमेरा, सरकारी वेळ. तो फोटो मी भिवाजीकाकांपुढे ठेवला. ते म्हणाले, "सूनबाई, पोलिसांच्या कागदावर चोरीच नाय, तर तू वेळ कसली जुळवतेस?" त्यांचे चुकले असे मला म्हणता आले नाही. चोरीची तारीख आणि जागा आपल्या सहीशिक्क्याने जाहीर झाली, तर त्याच कागदाने दत्ता गावात येईल. दुसरा कोणताही उपाय उरलेला नाही.

संदर्भ क्र. ३ बाबत. बावीस चोऱ्यांची तारीख व ठिकाण मी पांढऱ्या ऑइलपेंटने माझ्या व्हॅनच्या दोन्ही बाजूंना लिहिले आहे. नोटिशीत तो मजकूर तीन दिवसांत पुसण्यास फर्मावले आहे. मी तो पुसलेला नाही व पुसणार नाही. एखादी ओळ खोटी असल्यास आपण दाखवावी, ती मी आपल्यासमोर रॉकेलच्या बोळ्याने पुसेन. खरी असल्यास तिच्यापुढे गुन्हा क्रमांक लिहून द्यावा, त्यासाठी जागा सोडलेली आहे. आपल्या ठाण्याबाहेर असाच तक्ता दर महिन्याला लागू लागेल, त्या दिवशी माझ्या व्हॅनची मला पुन्हा फक्त चादरींसाठी गरज राहील. घबराटीचे म्हणाल तर लोक तक्ता वाचतात, आपली व्हॅन कुठे लावायची ते ठरवतात आणि चहा प्यायला जातात. एवढीच काय ती घबराट मी पाहिली आहे.

सबब, बावीसही अर्जांवर गुन्हे नोंदवावेत, तारीख-ठिकाणासह माहिती जाहीर करावी, आणि या अपिलावर सुनावणीची तारीख कळवावी. त्या दिवशी व्हॅन दत्ता चालवील, मी शेजारी बसेन. आम्ही फाट्यावरून नव्हे तर गावातून, देवळासमोरून निघू. सायलेन्सर अजून बसवलेला नाही. त्यामुळे आम्ही निघालो हे गावाला, आणि पोहोचलो हे आपणांस, वेगळे कळवावे लागणार नाही.

आपली नम्र, परंतु तक्ता न पुसणारी,

(सही)
सुप्रिया मनोज विरले
पिंपळोंडे, दि. ५ जानेवारी २०२६

सोबत:
१) शिक्का मारलेले चोरीचे अर्ज, बावीस मालकांचे.
२) दंडाच्या चार पावत्या. दि. १० नोव्हेंबरच्या पावतीवरील फोटो मोठा करून जोडला आहे.
३) व्हॅनच्या दोन्ही बाजूंचे फोटो.
४) दत्ता नवशा आगिवले याच्या वाहन परवान्याची झेरॉक्स. सुनावणीच्या दिवशी तो तपासला जाईलच, म्हणून आधीच.